हरकत न घेणाऱ्यांची हवा

घरातल्या कर्त्या माणसाने सिगारेट पेटवली की बाकीच्यांच्या हालचाली ठरलेल्या असतात. कुणीतरी उठून खिडकी उघडते, सून बाळाला उचलून आतल्या खोलीत नेते, सासूबाई पदर नाकाशी धरून टीव्ही बघत राहतात. तोंडाने कोणी चकार शब्द काढत नाही. आणि कोणी बोलत नाही त्याअर्थी कुणाची हरकत नाही, असे ओढणाऱ्याने परस्पर ठरवून टाकलेले असते.

या न बोलणाऱ्यांना काय भोगावे लागते, याचा मोठा हिशोब जपानी संशोधक ताकेशी हिरायामा यांनी मांडला. स्वतः कधीही धूम्रपान न केलेल्या ९१,५४० विवाहित स्त्रियांच्या आरोग्याचा त्यांनी १४ वर्षे मागोवा घेतला आणि १९८१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे नवरे दिवसाला २० किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढत, त्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, न ओढणाऱ्यांच्या बायकांच्या तुलनेत, जवळपास दुप्पट होते. तंबाखू उद्योग या अभ्यासावर तुटून पडला. उद्योगाच्याच सल्लागारांनी खासगीत हे निष्कर्ष बरोबर मानले होते, हे पुढे कंपन्यांच्या अंतर्गत कागदपत्रांतून उघड झाले.

न ओढणाऱ्यांना बसणाऱ्या या फटक्यामागचे कारण साधे आहे. सिगारेट असो की विडी, तिचा धूर दोन वाटांनी खोलीत येतो. एक ओढणाऱ्याच्या तोंडातून, दुसरा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून. खोलीत साठतो त्यात मोठा वाटा या दुसऱ्या धुराचा, आणि तो कुठल्याही फिल्टरमधून गेलेला नसतो. म्हणजे फिल्टरच्या सिगारेटचा गाळलेला धूर ओढणाऱ्याला आणि बिनगाळलेला शेजारी बसलेल्याला! त्यात हजारो रसायने असतात, पैकी सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरणारी. अशा हवेत राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाचा हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. लहान मुलांना दमा, न्यूमोनिया, वारंवार कान फुटणे असे त्रास होतात. तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याची शक्यताही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसे मरतात.

आपल्या देशात सार्वजनिक जागेपुरता हा प्रश्न न्यायालयाने हाती घेतला, तो मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर. न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्काला दुसऱ्याच्या धुराने बाधा येते, हे मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, सरकारी कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. पाठोपाठ २००३ चा तंबाखू नियंत्रणाचा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे सार्वजनिक धूम्रपानबंदीचे नियम आले. एसटीत विडी पेटवणाऱ्याला आज कंडक्टर खाली उतरवू शकतो. घरात मात्र ना कंडक्टर, ना २०० रुपयांचा दंड. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ३९ टक्के प्रौढांनी आपल्याला घरातच धूर सोसावा लागतो, असे सांगितले होते.

यावर सभ्य माणसाचे उत्तर तयार असते : मी विचारल्याशिवाय ओढत नाही. पण तो विचारतो कधी आणि कुणाला? सिगारेट ओठांत आलेली असते, लायटर हातात असतो आणि समोर असतो गाडी चालवणारा ड्रायव्हर, हाताखालचा कारकून नाहीतर नुकतीच लग्न होऊन आलेली सून. यांच्यापैकी ‘नको’ म्हणण्याची सोय कुणाला आहे? ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला परवानगी म्हणता येणार नाही. तान्ह्या बाळाला तर विचारण्याचाही प्रश्न नाही.

‘माझे शरीर, माझी मर्जी’ हा युक्तिवादही इथे टिकत नाही. दारू पिणाऱ्याच्या पेल्यातला घोट शेजारच्याच्या पोटात जात नाही. धूर मात्र जातो. खिडकी उघडल्याने तो पातळ होतो, नाहीसा होत नाही. बाल्कनीत ओढले तर काही दार-खिडक्यांतून परत आत येतो, काही वरच्या मजल्यावर जातो. दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी मात्राच नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने स्पष्ट म्हटले आहे.

ओढणारा माणूस दुष्ट असतो, असे मुळीच नाही. निकोटिनची पकड मोठी असते आणि टोमण्यांनी ती सुटत नाही. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर हेल्पलाइनचा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. सुटायला महिने लागोत, वर्षे लागोत, तोवर इमारतीबाहेर उघड्यावर जाऊन ओढणे तर आजपासून जमू शकते.

‘या घरात कोणी धूम्रपान करायचे नाही’ हा नियम सुनेने केला तर तिला आगाऊ ठरवतील, मुलाने केला तर त्याला दटावून गप्प बसवतील. कर्त्या पुरुषाने केला तर मात्र दिवाळीला आलेले थोरले मेहुणेही तो निमूट पाळतील. म्हणून तो त्यानेच करायचा, कुणी हरकत घेण्याची वाट न पाहता.