मिठाची मध्यस्थी

गल्लीच्या तोंडाशी भट्टी मांडून बसलेला कल्हईवाला तापलेल्या पातेल्यावर नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उसळतो, आणि क्षणापूर्वी थेंबाथेंबाने निसटणारे कथील कापसाच्या बोळ्याखाली आरशासारखे पसरते, तेव्हा आपण श्रेय कथलाच्या पदरी टाकतो. तांब्यावरचा मळ खाऊन त्या दोन धातूंची गाठ घालून देणारा क्षार तोवर धुराबरोबर दृष्टीआड झालेला असतो.

कर्बापुढे मात्र ही युक्ती थिटी पडते. ग्रॅफाइट कितीही निर्मळ केले तरी वितळलेले तांबे त्यावर अळवाच्या पानावरील पाण्यासारखे गोलच राहते. तांब्याला कर्बाशी वैर नाही. त्याला कर्बाचे काही देणेघेणेच नाही, आणि ज्याला देणेघेणे नाही त्याच्याशी तह तरी कोणत्या कलमांवर करावा? उभयपक्षी मान्य होईल असा वकील म्हणजे क्रोमियम, कारण तो कर्बाशी संयोग पावून कार्बाइड होतो आणि ते कार्बाइड तांब्याला रुचते. परंतु हे वकीलसाहेब वितळायला सुमारे १९०० अंश सेल्सियस उष्णता मागतात.

येथे मीठ पुढे येते. साधे मीठ ८०१ अंशांवर वितळते, पोटॅशियम क्लोराइड ७७० वर; पण दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र आली की सुमारे ६६० अंशांवरच पाण्यासारखी पातळ होतात. या रसात क्रोमियमची भुकटी आणि कर्बतंतू सोडून, हवा वर्ज्य करून, ९०० अंशांच्या आसपास ठेवले, तर धातूचा अत्यल्प अंश विरघळून तंतूंपर्यंत पोचतो आणि त्यांच्यावर कार्बाइडचा लेप धरतो. एकेक तंतू मिलिमीटरच्या सात-सहस्रांश जाडीचा, आणि जुडीत असे हजारो. एका दिशेने येणाऱ्या धातूच्या वाफेने लेप चढवू गेल्यास जे तंतू एकमेकांच्या सावलीत राहतील, त्यांच्यापर्यंतही हा द्रव शिरतो.

तरीही या व्यवहाराला मोबदला आहेच. लेपातला कर्ब बाहेरून येत नाही, तो तंतूच्या अंगचाच. म्हणजे कवच चढते ते अंग झिजवून. मुदत वाढवावी तसा लेप जाड होतो आणि तंतू दुर्बळ. किती वेळानंतर थांबावे, हा निर्णय मला रसायनापेक्षा कारभाराचा वाटतो.

शेवटी सारे गरम पाण्यात धुतात. मीठ विरघळून जाते, लेप राहतो. ते पाणी आटवले तर तळाशी मीठ पुन्हा सापडते, पण त्यात क्रोमियमचा अंश उतरलेला असल्याने खाल्ल्या मिठाच्या हिशेबात ते धरता येत नाही.