ती वाचली, मग?

जळीत कक्षात दाखल झालेल्या माणसाची ओळख आधी टक्क्यांनी होते. डोकं आणि चेहरा मिळून नऊ, एकेक हात नऊ, पुढची बाजू अठरा, पाठ अठरा, एकेक पाय अठरा असा हिशेब करून डॉक्टर केसपेपरवर आकडा लिहितात आणि तो आकडाच त्या माणसाला चिकटतो. जिन्यात बसून राहिलेली आई, गावाहून फोन करणारा मामा, सगळे एकच विचारतात, किती टक्के? हा आकडा उपयोगाचा आहे. सलाइन किती चढवायचं ते त्यावर ठरतं, जगण्याच्या शक्यतेचा अंदाजही त्यावरूनच बांधतात. पण माणूस जगला तर पुढे त्याचं काय होणार, याबद्दल तो काहीच सांगत नाही. तीस टक्के भाजलेला माणूस पाठीपोटावरचे व्रण सदऱ्याखाली झाकून बाजारात जाऊ शकतो. चेहरा आणि दोन्ही पंजे भाजले तर हिशेब जेमतेम दहा टक्क्यांचा होतो आणि त्या दहा टक्क्यांनी बाईचं घराबाहेर पडणं संपतं.

मला या जगलेल्या माणसांबद्दल लिहायचं आहे, त्यातही भाजलेल्या विवाहित स्त्रीबद्दल. भाजलेली बाई मरणार असं धरूनच आपली सगळी मांडणी झालेली आहे. रुग्णालयाची तशी, पोलिसांची आणि कायद्याचीही तशीच. शेजारपाजारही दोन दिवस हळहळतो तो मरणाच्या तयारीनेच. ती वाचली तर तिच्यासाठी कुणाकडेच काही तयार नसतं.

मरणाचे आकडे भयंकर आहेत, म्हणूनच कदाचित नजर तिथेच खिळते. २००१ या एका वर्षात भारतात आगीमुळे सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले असावेत, असा अंदाज 'द लॅन्सेट'मध्ये २००९ साली प्रसिद्ध झाला. पोलिसांच्या नोंदीपेक्षा हा आकडा सहापट होता. त्यातल्या सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या आणि त्यातल्या बहुतेक पंधरा ते चौतीस वयाच्या. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार भारतात दरवर्षी मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजणाऱ्यांची संख्या १० लाखांच्या वर आहे. म्हणजे मरणाऱ्यांपेक्षा जगणारे कितीतरी जास्त. ते रस्त्यात, बसमध्ये, कचेरीत फारसे दिसत नाहीत, कारण ते घरात आहेत.

पुरुष भाजत नाहीत असं नाही. खांबावर चढलेला वायरमन, भट्टीवरचा कामगार, आंघोळीच्या कढत पाण्यात पडलेलं मूल, यांचं दुःख कमी प्रतीचं नाही. वायरमनचा तर अनेकदा हातच जातो आणि घरातली कमाई थांबते. पण त्याला कुणी असं विचारत नाही, की तू स्वतःच तार धरलीस का. बाईला विचारतात. तोंडाने विचारलं नाही तरी नजरेने विचारतात. तिच्या व्रणाकडे जखम म्हणून कमी आणि पुरावा म्हणून जास्त बघितलं जातं. हिने पेटवून घेतलं असेल, नाहीतर हिला पेटवलं असेल, नाहीतर ही काहीतरी लपवते आहे. यातलं काहीही धरलं तरी सासर आणि माहेर दोन्ही घरांची मान खाली जाते, म्हणून दोन्ही घरांना ती नजरेआड असलेलीच सोयीची वाटते. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवतात. हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही. आलं, तर कुंकू लावणारीचा हात जरा घुटमळतो.

या संशयाची सुरुवात वॉर्डातच होते. बाई दाखल झाली की लवकरात लवकर तिचा जबाब घ्यावा लागतो, कारण ती किती तास शुद्धीवर राहील ते सांगता येत नाही. डॉक्टर ती बोलण्याच्या स्थितीत असल्याचं लिहून देतात आणि पोलीस किंवा दंडाधिकारी विचारतात, कसं झालं? त्या क्षणी तिच्या मनात काय काय असेल याचा विचार करून पाहा. नवरा दाराबाहेर उभा आहे. औषधांचे पैसे सासरचे भरत आहेत. मुलं त्यांच्या ताब्यात आहेत, आणि आपण गेलो तर मुलांना हेच लोक वाढवणार आहेत. अशा वेळी "स्टोव्हचा भडका उडाला" हे वाक्य येतं. कधी ते शंभर टक्के खरंही असतं. पंपाचा जुना स्टोव्ह, अडकलेला बर्नर, जमिनीवर बसून स्वयंपाक आणि अंगावर नायलॉनची साडी, एवढं पेट घ्यायला पुरेसं आहे. कोणता जबाब खरा हे दुरून कुणालाच ठरवता येणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मरणाच्या दारात, दुसऱ्यांच्या भीतीने किंवा दुसऱ्यांच्या काळजीने बोललेलं ते वाक्य ती वाचल्यावर तिला जन्मभर वागवावं लागतं.

मरणाऱ्या बाईच्या शब्दाला कायद्याने फार मोठं स्थान दिलं आहे. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं, की ती बोलण्याच्या स्थितीत असल्याची जबाब घेणाऱ्याची खात्री पटली असेल तर केवळ डॉक्टरचं प्रमाणपत्र नाही म्हणून मृत्युपूर्व जबाब फेटाळू नये. पण ती वाचली की तोच कागद मृत्युपूर्व जबाब उरत नाही. तिला स्वतः साक्षीला उभं राहावं लागतं आणि आधीचं बोलणं आताच्या बोलण्याशी ताडून पाहिलं जातं. आधी भडका उडाला म्हणाली आणि आता, माहेरी सावरल्यावर, वेगळं सांगू पाहत असेल, तर उलटतपासणीत तिचंच वाक्य तिच्यापुढे ठेवलं जातं. दुसरी बाजू याहून कठोर आहे. १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत जळून किंवा अन्य अनैसर्गिक कारणाने बाई मेली आणि मृत्यूच्या थोडंच आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दाखवता आलं, तर सासरच्यांवर दोषाचं गृहीतक येतं. शिक्षा किमान सात वर्षांची. बाई जगली तर हे गृहीतक नाही. उरतं ते मुख्यतः क्रूरतेचं कलम, ज्याची कमाल शिक्षा तीन वर्षांची, किंवा खुनाच्या प्रयत्नाचा आरोप, आणि तो निर्विवाद सिद्ध करण्याचं ओझं फिर्यादी पक्षावर. भारतीय न्याय संहितेत कलमांचे क्रमांक बदलले, ही रचना तीच राहिली. हुंडाबळीचं कलम हवंच होतं आणि त्यासाठी स्त्रीसंघटनांनी केलेला संघर्ष मोलाचा आहे. तरीही त्याच्या रचनेत वाचलेली बाई बसत नाही, हे म्हटलं पाहिजे.

ज्यांनी खरोखरच स्वतःला पेटवून घेतलेलं असतं त्यांच्या मनात आणखी एक भीती असते, पोलीस केस होईल ही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असं मानायला सांगितलं, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम नव्या संहितेत आलंच नाही. हे तिला पलंगाशी बसून कुणीतरी सांगायला हवं.

जखम भरली म्हणून केसपेपर बंद होतो, तेव्हा शरीराचं खरं काम सुरू होत असतं. भरलेली कातडी महिनोन्महिने आकसत राहते. मान वेळेवर ताणून ठेवली नाही तर हनुवटी छातीकडे ओढली जाते, बोटं वळतात, काख चिकटते. म्हणून स्प्लिंट, व्यायाम, तेलाने मालिश, आणि व्रण दबून राहावेत म्हणून दिवसातले जवळजवळ तेवीस तास, वर्ष-दीड वर्ष अंगात घालायचे घट्ट कपडे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ते कपडे घालणं काय असतं, याची कल्पना करून पाहा. कलम केलेल्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळे अंग आतून तापतं. रात्री खाज झोपू देत नाही. कुकरच्या शिट्टीने, काडी ओढल्याच्या आवाजाने काळीज धडधडतं. हे सगळं उपचार करता येण्याजोगं आहे, पण घरात त्याला "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

सगळ्यांत जिव्हारी लागतं ते मुलाचं. दोन-अडीच महिन्यांनी आई घरी येते आणि दोन वर्षांचं पोर तिच्याकडे जायला रडतं. कुणी त्याला तयारच केलेलं नसतं. खरं तर हे अवघड नाही. आई यायच्या आधी तिचे आताचे फोटो मुलाला दाखवावेत, फोनवर तिचा आवाज ऐकवत राहावं, आईला बाऊ झालाय पण ती तीच आहे हे त्याच्या भाषेत सांगावं, पहिली भेट घाईत उरकू नये. आरशाचंही तसंच. काही वॉर्डांत आरसे ठेवत नाहीत. पण आता प्रत्येकीच्या उशाशी मोबाइल असतो, आणि स्टीलच्या ताटात, रात्रीच्या खिडकीच्या काचेतही चेहरा दिसतोच. म्हणून ते पहिलं बघणं तिने ठरवलेल्या वेळी, तिच्या विश्वासाच्या माणसासोबत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायला कुणीतरी येणार आहे या खात्रीने व्हायला हवं. याला महागडं यंत्र लागत नाही. एक शिकलेली, पगारी, रोज येणारी समुपदेशक लागते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड या लहानशा गावात आर्चिबाल्ड मॅकिंडो या न्यूझीलंडच्या शल्यचिकित्सकाने विमानांच्या आगीत होरपळलेल्या वैमानिकांवर उपचार केले. त्याने रुग्णांना रुग्णालयाचे निळे कपडे घालायला लावले नाहीत, आपापल्या गणवेशात राहू दिलं. नाकाच्या जागी अर्धवट शिवलेली कातडी लोंबत असताना, दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात, त्यांना गावात पाठवलं. आणि गावकऱ्यांकडे जाऊन सांगितलं की ही मुलं तुमच्याकडे येतील, त्यांना घरी बोलवा, टक लावून बघू नका. गावाने ते ऐकलं. टक लावून न बघणारं गाव म्हणूनच ते पुढे ओळखलं गेलं. १९४१ मध्ये त्या रुग्णांनी आपलं मंडळ काढलं आणि त्याची सभासदसंख्या साडेसहाशेच्या घरात गेली. मला यात शस्त्रक्रियेइतकीच मोठी वाटते ती ही समज, की बघणाऱ्यांवरही उपचार करावे लागतात आणि ते डॉक्टरच्याच कामात मोडतं. अर्थात त्या तरुणांचे व्रण देशासाठी झालेले होते, त्यांना "कसं झालं" विचारायची कुणाला गरज नव्हती. आपल्याकडच्या बाईला तो मान नाही. म्हणून ते गाव जसंच्या तसं इथे उभं राहणार नाही.

त्याच देशातल्या जेम्स पार्ट्रिज यांचं काम मला या बाबतीत जास्त जवळचं वाटतं. १९७० मध्ये, अठराव्या वर्षी, मोटारीच्या आगीत त्यांचा चेहरा भाजला. १९९२ मध्ये त्यांनी 'चेंजिंग फेसेस' ही संस्था काढली. चेहऱ्याबद्दलचे प्रश्न आणि नजरा कशा हाताळायच्या हे शिकवता येतं, अशी त्यांची धारणा होती. समोरच्याने विचारायच्या आत आपण बोलावं, एक छोटं उत्तर तयार ठेवावं, आणि विषय पुढे न्यावा. "भाजलं होतं, आता बरी आहे, तुमचं काय काम होतं?" एवढंच. आपल्या बाईच्या बाबतीत याचं मोल दुप्पट आहे. "कसं झालं" या प्रश्नाचं पहिलं उत्तर तिने भीतीच्या दडपणाखाली दिलेलं असू शकतं. हे दुसरं तिने स्वतः निवडलेलं असतं. किती सांगायचं, कुणाला, की काहीच नाही, हे आता ती ठरवते.

आपल्याकडे काहीच घडत नाही असं नाही. मुंबईत २००० साली 'सेहत' या संस्थेने आणि महापालिकेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र सुरू केलं. हिंसा सोसलेल्या बाईशी रुग्णालयाच्या आतच, पोलिसांपासून वेगळं, खाजगीत बोललं जावं हा त्यामागचा विचार होता, आणि पुढे तो इतर सार्वजनिक रुग्णालयांत गेला. चेन्नईत 'पीसीव्हीसी' ही संस्था भाजलेल्या स्त्रियांना बरं होण्यासाठी आणि कामाला लागण्यासाठी साथ देते. आग्र्यात 'शीरोज हँगआउट' हे कॅफे २०१४ पासून ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया चालवतात. गिऱ्हाईक चहा मागतं, ती आणून देते, आणि तेवढ्या व्यवहारात नजर आपोआप निवळते.

शासनाच्या कागदावर मात्र एक विचित्र रेघ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने ॲसिडहल्ल्याने विद्रूप झालेल्यांना दिव्यांगांत धरलं, नोकरीतल्या राखीव जागांत त्यांचा समावेश केला. हे योग्यच झालं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच काही स्त्रियांच्या याचिकेवर निकाल दिला. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागत होती आणि त्यांना ती करता येत नव्हती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं न्यायालय म्हणालं. पण कायद्याच्या व्याख्येत ॲसिड किंवा तसाच दाहक पदार्थ आहे, रॉकेल नाही. रॉकेलने चेहरा गेलेल्या बाईच्या हातापायांच्या हालचालीवर परिणाम झाला असेल तर ती अस्थिव्यंगाच्या सदरात कदाचित बसेल. नुसता चेहरा गेला असेल तर नाही. काउंटरवरच्या नोकरीसाठी दोघी आल्या तर दोघींना नकार एकाच कारणासाठी मिळतो. मग हक्क ठरवताना अंगावर काय पडलं होतं हे का बघायचं? भाजल्याने आलेलं विद्रूपपण, कारण कोणतंही असो, त्या यादीत आलं पाहिजे. त्याचा आणखी एक फायदा होईल, जो मला कायदेशीर फायद्याहून मोठा वाटतो. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी तिला "कसं झालं" हे पुन्हा एकदा सिद्ध करत बसावं लागणार नाही.

आणि जळीत कक्ष असलेल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक पद हवं, स्वतः भाजून सावरलेल्या व्यक्तीसाठी राखलेलं. मानद नको, प्रवासखर्चावर बोलावलेलं नको, महिन्याच्या पगाराचं. ड्रेसिंगच्या दिवशी तिने बाह्य रुग्ण विभागात बसावं. नव्या बाईला मालिशचं तेल कोणतं, खाज कधी कमी होते, मूल पुन्हा कुशीत कधी आलं, हे तिने सांगावं. समुपदेशक शिकून जे सांगते ते ही जगून सांगेल, आणि नव्या बाईचा विश्वास लवकर बसेल. शिवाय औषधाच्या खिडकीवर रांग लावलेल्या, कुठल्याही आजारासाठी आलेल्या शेकडो लोकांना रोज एक भाजलेला चेहरा नोकरी करताना दिसेल. चिठ्ठी कुठे द्यायची हे त्यांना तिलाच विचारावं लागेल.