नवशिक्याचा अधिकार

पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही, ही गोष्ट सर्वमान्य आहे. आणि जी वस्तू एकदा बिघडली असता पुन्हा मिळावयाची नाही ती अजाण माणसाच्या हाती देऊ नये, हीही गोष्ट तितकीच सर्वमान्य आहे. ही दोन्ही वचने निरनिराळ्या वेळी ऐकली म्हणजे दोहोंसही मान डोलवावीशी वाटते. परंतु एकाच प्रसंगी ती समोरासमोर उभी राहिली म्हणजे कोणाची बाजू घ्यावी हे सांगणे कठीण पडते. शिकावयाचे तर हात लावला पाहिजे, आणि हात लावावयाचा तर आधी शिकलेले असले पाहिजे! या कोड्यातून नवशिक्याने वाट कशी काढावी, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. प्रश्न मोठा आहे. पण ज्या निमित्ताने तो आमच्या मनात आला ते निमित्त मुठीत मावेल एवढ्या काचेच्या एका नळीचे आहे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबात जुनी ट्रंक आवरीत असता कापसात गुंडाळलेली एक निर्वात नळी, म्हणजे रेडिओवाले ज्याला व्हॉल्व्ह म्हणत ती वस्तू, सापडली. ती घरातील आजींच्या सासऱ्यांची. १९२७ च्या जुलै महिन्यात मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या सुमारास हौसेने रेडिओ घेणाऱ्या मंडळींपैकी ते एक होते. रेडिओ केव्हाच मोडीत गेला. सुटी म्हणून जपून ठेवलेली ही नळी तेवढी उरली. घरातील नातू महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. नळी पाहताच ती पेटवून पाहावी असे त्याच्या मनाने घेतले. त्याचे वडील म्हणाले, “भिंतीतल्या विजेला जोडून बघ, लागली तर लागली.” काका म्हणाले, “हात लावू नकोस. कपाटात ठेव, शोभेची होईल.” एकाचा सल्ला धाडसाचा, दुसऱ्याचा सावधगिरीचा. परंतु थोडे निरखून पाहिले तर दोन्ही सल्ल्यांत एक उणीव सारखीच आहे: नळीला काय हवे आहे, हे दोघांपैकी कोणीही विचारले नाही.

नातवाने ते विचारले, येथेच आमच्या मते त्याच्या अधिकारास आरंभ झाला. नळी बोलत नाही. पण तिच्या पायथ्यावर अक्षरे होती: यूएक्स-२०१-ए. ही अमेरिकेत तयार होणारी, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात घरोघरच्या रेडिओंत वापरली जाणारी जात. या जातीचा वंश थोडक्यात सांगावयाचा तर असा: दिव्याच्या तापलेल्या तंतूपासून जवळच्या धातूच्या पट्टीकडे निर्वातातूनही वीज वाहते, हे एडिसनला १८८३ च्या सुमारास आढळले, ती एकाच दिशेने वाहते या गुणाचा उपयोग करून फ्लेमिंगने १९०४ मध्ये पहिला व्हॉल्व्ह केला, आणि ली डी फॉरेस्टने १९०६ च्या सुमारास तंतू व पट्टी यांच्यामध्ये तिसरा अवयव, म्हणजे तारेची जाळी, बसवून त्या प्रवाहाला लगाम घातला. म्हणून या नळीला वीज द्यावयाची ती तीन ठिकाणी, आणि तीन निरनिराळ्या मापांनी. तंतू तापविण्यासाठी ५ व्होल्ट. पट्टीसाठी ९० व्होल्ट. आणि जाळीसाठी साडेचार व्होल्ट, तेही ऋण. जुन्या रेडिओवाल्यांनी या तीन बॅटऱ्यांना अनुक्रमे ए, बी आणि सी अशी साधी नावे ठेविली होती. भिंतीतल्या विजेचा दाब २३० व्होल्टांचा. ती तंतूला जोडली असती, तर नव्वद-शंभर वर्षे टिकलेली वस्तू निमिषार्धात संपली असती.

नावातील शेवटचे ‘ए’ हे अक्षर तर आणखी बोधप्रद आहे. याच्या थोडी आधीची २०१ ही नळीही ५ व्होल्टांचीच. पण तिचा शुद्ध टंगस्टनचा तंतू १ अँपिअर प्रवाह घेई. पुढे तंतूत थोडे थोरियम मिसळल्यामुळे तो कमी उष्णतेवरही इलेक्ट्रॉन सोडू लागला, आणि पाव अँपिअरवर काम भागू लागले. एका अक्षराचा फरक, पण गरज चौथ्या हिश्श्यावर आली! वस्तूचे नाव अर्धवट वाचून तिचे भले करू निघणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माणसांच्या बाबतीतही आपण पुष्कळदा आडनाव वाचतो आणि शेवटचे अक्षर सोडून देतो.

आता नातवाला एक भीती पडली, आणि ती बहुतेक नवशिक्यांस पडते. त्याच्याजवळ घरगुती इमर्जन्सी दिव्यातील ६ व्होल्टांची बॅटरी होती. ती कित्येक अँपिअर प्रवाह सहज देऊ शकते. नळीला तर पावच अँपिअर हवा. मग उरलेल्या शक्तीने तंतू जळून जाणार नाही काय? शास्त्राचे उत्तर असे की, नाही. जोडणी बिनचूक असेल तर तंतू आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह घेतो. बॅटरीचा साठा कितीही मोठा असो, त्याचा तंतूला त्रास नाही. त्रास होतो तो दाब वाजवीपेक्षा अधिक झाला म्हणजे. ६ व्होल्टांतील १ व्होल्ट मध्येच खर्ची घालण्यासाठी ४ ओहमांचा रोध जोडला की तंतूच्या वाट्यास ५ व्होल्ट येतात, आणि तो सुखाने पेटतो.

साठा आणि दाब यांतील हा भेद आम्हांस केवळ विजेपुरता वाटत नाही. गुरूपाशी ज्ञानाचा, बापापाशी मायेचा किंवा श्रीमंतापाशी द्रव्याचा साठा अपार असला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही; घेणारा आपल्या गरजेपुरते घेतो आणि वाढतो. नुकसान होते ते देणारा आपल्या साठ्याच्या मापाने दाब घालू लागला म्हणजे. ‘मी एवढे दिले तरी याचे चीज झाले नाही’ अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळांनी साठा दिलेला नसतो, दाब दिलेला असतो. देण्याचे माप घेणाऱ्यापाशी असते. ते आधी विचारून घेणे हाच दानाचा पहिला धर्म होय.

परंतु माप कळले म्हणून हात चुकत नाही असे नव्हे. पुस्तकातील आकडा आणि तारेचे टोक यांच्यामध्ये नवशिक्याचा कापरा हात असतो. या नळ्यांच्या आमदानीत कित्येक तंतू जळाले ते अज्ञानाने नव्हेत, तर ९० व्होल्टांची तार चुकून तंतूच्या खुंटीला लागल्यामुळे. येथे नातवाने जे केले ते आम्हांस या सबंध प्रकरणाचे मर्म वाटते. तापलेल्या तंतूचा रोध ५ भागिले पाव, म्हणजे २० ओहम भरतो. त्याने बाजारातून २० ओहमांचा एक साधा रोध आणला आणि नळीच्या जागी तो बसविला. सगळ्या जोडण्या आधी या मुक्या प्रतिनिधीवर केल्या. मीटर लावून त्यावर खरोखर ५ व्होल्ट येतात की नाही ते पाहिले. चुकले तेथे सोडून पुन्हा बांधले. पट्टीसाठी ९ व्होल्टांच्या दहा छोट्या बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून ९० व्होल्ट केले. पण त्या वाटेत १०,००० ओहमांचा रोध पहारेकऱ्यासारखा उभा केला. त्यातून, तार कोठेही चुकून लागली तरी, ९ सहस्रांश अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊच शकत नाही, आणि तेवढ्याने तंतू जळत नाही. ९० व्होल्टांचा झटका माणसालाही निरुपद्रवी नसतो. म्हणून ती बॅटरी सर्वांत शेवटी जोडावयाची आणि सर्वांत आधी काढावयाची, असा नियमही त्याने स्वतःस घालून घेतला.

यावर कोणी म्हणेल, ‘हा सारा भित्रेपणा झाला, शिकताना चुका व्हावयाच्याच.’ चुका व्हावयाच्याच, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच की, चुकीची किंमत कोणी भरावयाची? स्वतःचे पैसे, स्वतःचा वेळ, स्वतःची फजिती यांनी जी भरून निघते ती चूक करण्याचा नवशिक्याला पूर्ण अधिकार आहे. तो अधिकार नाकारणारे काकांसारखे लोक सावधगिरीच्या नावाखाली विद्येचाच दरवाजा बंद करतात. न पेटणारी नळी आणि कपाटातली बाटली यांत फरक तो काय? पण जी चूक परत घेता येत नाही, आणि जिची किंमत दुसऱ्याला किंवा मुक्या वस्तूला भरावी लागते, ती करण्याचा अधिकार केवळ हौसेने मिळत नाही. नवशिक्याचे शहाणपण चुका टाळण्यात नसून, परत घेता येतील अशा ठिकाणी त्या आधी करून घेण्यात आहे.

असो. एके संध्याकाळी आम्हांसही बोलावणे आले. नळी जागेवर बसवली गेली होती. नातू थांबला आणि म्हणाला, “आजी, ही जळाली तर?” आजी म्हणाल्या, “मामंजी ती कोणाला हात लावू देत नसत रे. पण ते स्वतः रोज रेडिओ लावीत. तू लाव, घाई तेवढी करू नकोस.” ज्यांची ती वस्तू, त्यांची संमती अशी मिळाली. तंतूने मंद पिवळसर तांबूस प्रकाश धरला. आजी बराच वेळ पाहत राहिल्या. मग पहारेकरी रोध काढून ९० व्होल्ट पुरते दिले. या दाबावर पट्टीतून सुमारे अडीच मिलिअँपिअर वाहावयास हवे होते. मीटर अर्ध्यावरही चढला नाही. तंतू पेटत होता, पण त्याची इलेक्ट्रॉन सोडण्याची शक्ती बहुतेक सरली होती.

आणि येथे मोह उत्पन्न झाला. तंतूचा दाब वाढविला तर? हा विचार अगदीच अडाणी नव्हे. या जातीच्या थकलेल्या नळ्यांना, पट्टीची बॅटरी काढून, तंतू थोडा वेळ मुद्दाम अधिक तापवून सावरण्याचा उपाय जुने लोक करीत; आतले थोरियम पृष्ठभागावर येऊन कधी कधी ती पुन्हा तरतरीत होई, आणि कधी कायमची जाई. त्याने आमचे मत विचारले. आम्ही एवढेच म्हणालो की, उपाय आणि आततायीपणा यांत कृती एकच असू शकते. फरक असतो तो आधीच्या तयारीत.

त्याने बटण बंद केले. आधी ९० व्होल्ट काढले, मग तंतू विझविला. दुसऱ्या दिवशी तो चोरबाजारात अशाच जातीची एखादी टाकाऊ नळी मिळते काय ते पाहावयास गेला. ती मिळाली तर त्या उपायाचा पहिला प्रयोग तिच्यावर होईल. पणजोबांची नळी सध्या पुन्हा कापसात आहे. परंतु ती आता शोभेची वस्तू राहिलेली नाही. तिला काय हवे आहे, हे जाणणारा एक माणूस त्या घरात तयार झाला आहे.