हेतू चांगला होता, तरीही…

कुणाचे वाईट व्हावे असे मनात नसताना आपल्या हातून नुकसान झाले, तर तो आपला दोष ठरतो का? ‘हेतू चांगला होता’ एवढे उत्तर पुरेसे आहे का? शुक्रवार, 19 जुलै 2024 रोजी हा प्रश्न साऱ्या जगापुढे उभा राहिला.

‘क्राउडस्ट्राइक’ ही अमेरिकन कंपनी संगणकांची राखण करते. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी तिने आपल्या ‘फाल्कन’ या संरक्षक सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल पाठवली. ती वापरताना सॉफ्टवेअर 21वी नोंद शोधू लागले. हाती मात्र 20च नोंदी होत्या. राखणदाराला संगणकाच्या अगदी गाभ्यापर्यंत प्रवेश असतो. त्यामुळे तो कोसळताच संगणकही कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज संगणकांना फटका बसला. जगभर विमाने रद्द झाली, काही इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्या देशातही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले.

कंपनीने 78 मिनिटांत चूक सुधारली. पण बंद पडलेल्या संगणकापर्यंत सुधारणा पोहोचणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका संगणकापुढे बसून ती फाइल काढून टाकावी लागली. नुकसान क्षणात सर्वदूर गेले. दुरुस्तीला कित्येक दिवस लागले.

यात कुणाचाही दुष्ट हेतू नव्हता. घाईलाही कारण होते. चोर थांबत नाही, तर राखणदाराने थांबून कसे चालेल? आणि चूक तर माणसाकडून होणारच. मग दोष कुठे आहे? मार्च 2024 पासून पाठवलेल्या अशाच फाइली सुरळीत चालल्या होत्या. तपासणी करणाऱ्या प्रोग्रामनेही ‘ठीक आहे’ म्हटले. पण त्या प्रोग्राममध्येच दोष होता. आधी थोड्या संगणकांवर चालवून न पाहता ती फाइल एकदम सगळीकडे गेली. पुढे कंपनीने अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे ठरवले. म्हणजे सावधगिरी अशक्य नव्हती. ‘आजवर काही झाले नाही’ या भरवशावर ती राहून गेली होती.

हे वाक्य आपल्याही तोंडी असते. शाळेची रिक्षा चालवणारा ब्रेक तपासत नाही, पतपेढीचा हिशेबनीस बेरीज पुन्हा करत नाही, औषध देणारा चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचत नाही. आजवर काही झालेले नसते. पण रिक्षात बसलेल्या मुलाला ब्रेक तपासता येत नाही, रुग्णाला औषध पारखता येत नाही. विश्वास टाकणे म्हणजे हेच: आपली तपासणी त्यांनी आपल्याच हाती सोपवलेली असते.

म्हणून चांगला हेतू ही केवळ सुरुवात होय. आपल्या कामावर जितकी अधिक माणसे विसंबून असतील, तितके ते काम आपण स्वतःच अधिक संशयाने पाहावे. चुकलेल्याला क्षमा जरूर करावी. पण स्वतःच्या कामाची क्षमा आधीच गृहीत धरू नये.