श्वासांचा हिशेब कुणाच्या वहीत?

गुरुवारी संध्याकाळी नागपूरजवळच्या बेसाच्या स्वामी समर्थ मंदिरात आरतीला गर्दी होते. मनीषनगर, बेलतरोडी, घोगलीच्या बाजूने लोक येतात. कुणी मिहानमधल्या ऑफिसातून थेट, कुणी नातवाचा हात धरून. टाळ्यांसाठी उचललेल्या हातांकडे पाहिले तर कितीतरी मनगटांवर स्मार्टवॉच असते. झांजा वाजू लागतात, नाडी चढते, अंगाला घाम येतो, हात एका लयीत हलतात आणि घड्याळ ते सारे टिपत राहते. हातांची ही लयबद्ध हालचाल त्याला कधी चालण्यासारखी वाटते, मग जागच्या जागी उभ्या भक्ताच्या नावावर पावले जमा होतात. व्यायाम आपोआप ओळखणारे घड्याळ असेल तर आरतीच्या मध्येच ते विचारते की व्यायाम सुरू झाला आहे का.

या एका प्रसंगात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. शरीराचा प्रत्येक ठोका लिहून ठेवणारे यंत्र माणसाला स्वतःची ओळख करून देते का? की ज्या जागी माणसाने स्वतः उभे राहून पाहायचे, ती जागाच ते अडवते?

उत्तराकडे जाण्याआधी हे यंत्र नेमके काय करते ते समजून घ्यायला हवे. घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषते. ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त भरले की परत येणारा प्रकाश कमी होतो, दोन ठोक्यांच्या मधे तो वाढतो. या चढउतारावरून नाडी कळते. रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज लाल आणि अवरक्त प्रकाशावरून येतो, हालचाल त्वरणमापक टिपतो. ही झाली मोजमापे. झोपेचे टप्पे, ताण, ‘आज शरीर किती ताजेतवाने आहे’ हे सारे मात्र या मोजमापांवरून गणिताने काढलेले अंदाज असतात. पडद्यावर दोन्ही सारख्याच ठळक अक्षरांत उमटतात, त्यामुळे वापरणाऱ्याला त्यांतला फरक जाणवत नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो हे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2017 सालच्या अभ्यासात दिसले. 60 स्वयंसेवकांच्या मनगटांवर सात वेगवेगळी उपकरणे तपासली गेली. सातपैकी सहा उपकरणांची नाडीतली चूक 5 टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचाही सरासरी 27 टक्क्यांनी चुकला आणि सर्वांत वाईट उपकरणाचा 93 टक्क्यांनी. पट्टा सैल असला, हात सतत हलत असला, तर नाडीची नोंदही डळमळते. गडद त्वचेतले मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषून घेते, तेव्हा संवेदकाला अधिक कष्ट पडतात. वैदर्भीय उन्हाळ्यात घामाने निथळलेल्या मनगटावरचा आकडा थोडा सावधपणेच वाचावा.

ताणाचा आकडा तर याहून नाजूक. श्वास आत घेताना हृदय थोडे जलद चालते, सोडताना मंदावते. म्हणून दोन ठोक्यांमधले अंतर निरोगी माणसात सतत थोडे बदलत असते. हा बदल कमी झाला, नाडी चढली, की घड्याळ ताण दाखवते. पण नाडी भीतीने चढते, रागाने चढते, मुलीचा निकाल ऐकून आनंदानेही चढते. आरतीत कंठ दाटून आला तरी चढते. संवेदकापर्यंत फक्त चढलेली नाडी पोहोचते, तिचे कारण पोहोचत नाही.

इथे आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते, आणि ती या घड्याळाच्या आश्चर्यकारक रीतीने जवळची आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. पुढे भक्तीच्या परंपरेने हेच अष्टभाव भक्ताच्या देहावर उमटणाऱ्या खुणा म्हणून स्वीकारले. म्हणजे देहाच्या खुणांचे वाचन धर्माला परके नव्हते. घाम, थरथर, काटा, आसवे या भक्तीच्या साक्षी मानल्या गेल्या. आज काही महाग घड्याळांत त्वचेवरच्या घामामुळे बदलणारी विद्युतवाहकता मोजणारा संवेदक असतो. स्वेद त्याला कळतो. कंप त्वरणमापकाला कळतो. पण नाम घेताना जो घाम येतो आणि कर्जाचा हप्ता चुकल्याच्या फोनवर जो येतो, ते दोन्ही त्याच्या लेखी एकच. कीर्तनाला बसणारा साधा श्रोताही यातला फरक क्षणात ओळखतो, कारण तो समोरच्या माणसाचे आयुष्य जाणतो आणि प्रसंग जाणतो. देहाची खूण अर्थासकट वाचायची तर वाचणाऱ्यालाही अंतःकरण लागते.

‘मोजणेच वाईट, श्रद्धेला आकड्यांचे वावडे’ असे म्हणून मोकळे होता येणार नाही. आपल्या धर्मपरंपरा मोजण्यात कुणाला हार जाणाऱ्या नाहीत. 108 मण्यांची माळ आहे, प्रदक्षिणांची संख्या आहे, लिखित जपाच्या वह्या आहेत. सर्वांत विलक्षण आहे तो श्वासांचा आकडा. नाथपंथीयांच्या गोरक्षशतकात माणसाचे दिवसरात्रीचे श्वास 21,600 सांगितले आहेत. चोवीस तासांत 1,440 मिनिटे. म्हणजे मिनिटाला 15 श्वास. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला 12 ते 20 असतात असे आजचे वैद्यक सांगते. रात्रीच्या झोपेतला श्वासांचा वेग मोजणारे घड्याळ सकाळी पुष्कळदा याच्याच आसपासचा आकडा दाखवते.

हा आकडा आला कुठून? सूर्यसिद्धान्तातल्या कालगणनेत सहा प्राणांचे, म्हणजे श्वासांचे, एक पळ, साठ पळांची एक घटी, साठ घटींचे एक अहोरात्र. गुणाकार केला की 21,600 येतात. वर्तुळाच्या 360 अंशांच्या कला, म्हणजे अंशाचे साठावे भाग, केल्या तरी 21,600च होतात. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले की एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते. सुमारे चार सेकंदांचा एक श्वास, आणि तेवढ्यात आकाश एका कलेने सरकलेले. छातीच्या भात्याचा हिशेब त्या माणसांनी आकाशाच्या फिरण्याशी जुळवून ठेवला होता.

नाथपंथीयांनी या संख्येचे पुढे काय केले ते अधिक महत्त्वाचे. श्वासाबरोबर ‘सोऽहम्’ चा जप आपोआप चालूच आहे, त्यासाठी माळ नको, ओठ हलवायला नकोत, फक्त तिकडे लक्ष द्यावे, अशी ती साधना. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशा ओळीने हा वारसा ज्ञानेश्वरांपर्यंत आला. संख्या सांगितली ती मोजणाऱ्याच्या हातून मोजणे सुटावे म्हणून. 21,600 श्वास आपण घेत नाही, ते चालतात, हे एकदा उमगले की ‘मी केले’ ही भावना सैल पडते.

घड्याळाच्या गणनेचा रोख नेमका उलटा आहे. कालची झोप 71, आज 78. शेजारच्यांची पावले जास्त, आपली कमी. पडद्यावरचे लक्ष्याचे वर्तुळ पुरे झाले की फटाके, अपुरे राहिले की आठवण. माणूस स्वतःच्याच आकड्यांभोवती फिरू लागतो. दिवसाला 10,000 पावले हे लक्ष्य तरी कुठल्या शास्त्राने घालून दिले? टोकियो ऑलिम्पिकनंतर 1965 मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचे पावलांचे यंत्र विकायला आले, तिथून हा गोल आकडा जगभर गेला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 16,741 वयस्क स्त्रियांची पावले मोजली गेली. मृत्यूचा धोका रोजच्या 4,400 पावलांपाशीच कमी झालेला दिसला आणि साधारण 7,500 नंतर आणखी फायदा दिसेनासा झाला. बेसाच्या रस्त्यांवर पहाटे फिरायला निघणाऱ्या सत्तरीच्या आजींना हे कुणीतरी सांगायला हवे. पडद्यावर 6,000 पाहून खट्टू होण्याचे त्यांना काही कारण नाही.

आकडा आणि अध्यात्म एकाच माणसात सुखाने नांदल्याचे उदाहरण विदर्भातच आहे. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. कमरेला लटकवलेले घड्याळ ही त्यांची ओळखच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2019 मध्ये त्यांच्या प्रकृतीची कागदपत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यानुसार 26 ऑक्टोबर 1937 रोजी त्यांचा रक्तदाब 194/130 होता, 19 फेब्रुवारी 1940 रोजी 220/110. ते रोज सुमारे 18 किलोमीटर चालत असा अंदाज त्यात दिला आहे. आकडे भयंकर होते. डॉक्टरांचे ऐकून त्यांनी विश्रांतीही घेतली. पण सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, सूत आणि रामनाम यांचे मोल ठरवायला हे आकडे कधी बसले नाहीत. काढलेल्या सुताचाही ते हिशेब ठेवत, पण तो यज्ञ म्हणून. सूत आपले नव्हतेच. 30 जानेवारी 1948 ला प्रार्थनेला काही मिनिटे उशीर झाला याची त्यांना बोच लागली, कारण लोक वाट पाहत होते. त्यांचे घड्याळ दुसऱ्यांना दिलेल्या शब्दाची आठवण करून देणारे होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दृग्-दृश्य-विवेक या वेदान्तातल्या छोट्या ग्रंथाची मांडणी पायऱ्यांनी चढते. एका पायरीवर ज्याला पाहणारा समजावे, तोच वरच्या पायरीवर पाहिला जाणारा ठरतो. डोळ्यामागे मन, मनामागे साक्षी. या हिशेबाने मनगटावरचा आकडा दृश्यांच्या बाजूलाच पडतो. डोळ्यांसमोर आणखी एक वस्तू वाढली, पाहणारा आहे तिथेच राहिला. घड्याळाने ‘तू शांत आहेस’ म्हटले तरी ते वाचून समाधान पावणारे मन पाहायचे बाकी राहतेच.

बौद्ध विचार असा साक्षी आत्मा मानत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तिथल्या वाचकाला हा मतभेद नव्याने सांगण्याची गरज नाही. तरी श्वासाच्या बाबतीत दोन्ही वाटा एका गोष्टीवर येऊन मिळतात: जाणणे प्रत्यक्ष हवे, उसने चालत नाही. सतिपट्ठान सुत्तात साधक श्वास लांब असेल तर लांब म्हणून जाणतो, आखूड असेल तर आखूड म्हणून. कमी गुण, जास्त गुण असा शेरा तिथे नाही. नागपूरजवळ माहुरझरीला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरात फोन जमा करावा लागतो आणि सुरुवातीला नाकाशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास फक्त पाहायचा असतो. तो लांबवायचा नाही, तालात बसवायचा नाही. घड्याळातला श्वसनाचा कार्यक्रम मात्र थरथरून सांगतो: आता घ्या, आता सोडा. संथ श्वासाने ठोक्यांमधला बदल वाढतो आणि ताणाचा आकडा खाली येतो. हा चांगला व्यायाम आहे, अनेकांना त्याने बरे वाटते. ध्यानाशी त्याची गल्लत होऊ नये इतकेच. चांगल्या आकड्याची ओढ आणि वाईट आकड्याचा वैताग हीच तृष्णा आणि हाच द्वेष. विपश्यना ज्यातून सुटण्यासाठी बसवते, त्याची रोजची तालीम मनगटावर चालू असते.

उसन्या साक्षीचा परिणाम प्रयोगशाळेतही दिसला आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना त्यांच्या झोपेचा दर्जा यंत्राने मोजल्याचे भासवून मनानेच ठरवलेला आकडा सांगितला गेला. ‘तुमची झोप चांगली झाली’ असे ज्यांना सांगितले त्यांनी लक्ष आणि बुद्धीच्या चाचण्यांत सरस कामगिरी केली. स्वतःला झोप कशी वाटली होती याचा त्यावर परिणाम दिसला नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी तर परिपूर्ण झोपेच्या आकड्यापायी झोप उडालेल्या रुग्णांच्या या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. सकाळी डोळे उघडल्यावर अंग हलके आहे की जड, हे अंगाला विचारण्याआधी पडद्याला विचारले जाते.

म्हणून घड्याळ काढून फेका असे सांगणे मात्र बेजबाबदारपणाचे होईल. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा एक विकार आहे, एट्रियल फिब्रिलेशन. त्यात कधी काहीच जाणवत नाही आणि पक्षाघाताचा धोका मात्र सुमारे पाचपट होतो. स्टॅनफर्डच्याच 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 4,19,297 लोकांच्या घड्याळांवर लक्ष ठेवले गेले. अनियमित नाडीची सूचना 2,161 जणांना आली. त्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर चिकटपट्टीचा ईसीजी लावून तो परत पाठवला, त्यांतल्या 34 टक्के लोकांत हा विकार सापडला. अंतर्मुख होऊन बसलेल्या साधकालाही हे आतून कळले नसते. देह जड आहे, जडाची तपासणी यंत्राने करावी. यात अध्यात्माचा अवमान नाही.

तेव्हा बेसातल्या, आणि कुठल्याही गावातल्या, घड्याळ वापरणाऱ्यांना सांगणे एवढेच. नाडी अनियमित असल्याची सूचना वारंवार आली तर आरती, जप, ध्यान यांच्या भरवशावर थांबू नका. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या किंवा आपल्या जवळच्या एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊन रीतसर ईसीजी काढून घ्या. घड्याळाने ‘सारे ठीक’ म्हटले आणि छातीत दुखत असेल, तरीही जा. पण झोपेचे आणि ताणाचे गुण बंद करून ठेवा, निदान सकाळी उठल्यावर ते लगेच पाहू नका. आणि जपाला, नमाजाला, वंदनेला किंवा आरतीला बसताना घड्याळ उतरवून खिशात ठेवा.