प्रलयानंतरचा कोटा

जग बुडाल्यानंतरची गोष्ट सांगणारा लघुपट कुणी दाखवला, की आपल्याकडे तीन मते हमखास ऐकू येतात. 'आपल्याकडे एवढे बजेट कुठे आहे' हे पहिले. 'सगळे हॉलिवूडवरून उचललेले' हे दुसरे. तिसरे जरा गंभीर चेहऱ्याने येते: 'डोळ्यांत अंजन घालणारा लघुपट आहे, शाळाशाळांतून दाखवला पाहिजे.' राहात्यात काही तरुण मित्रांबरोबर 'कार्बन' पाहिला, तेव्हाही ती याच क्रमाने आली.

पहिल्या दोन मतांवर फार शाई घालवायला नको. क्रिस मार्करने १९६२ साली तिसऱ्या महायुद्धानंतरचे पॅरिस २८ मिनिटांत आणि जवळजवळ निव्वळ स्थिरचित्रांतून उभे केले. आपल्या आरती कडव यांनी टाळेबंदीत नटांना आपापल्या घरी ठेवून पृथ्वीचे शेवटचे तास चित्रित केले आणि तो लघुपट २०२१ मध्ये प्रेक्षकांपर्यंत पोचवला. उचलेगिरीचे म्हणाल, तर कादंबरी तरी आपण घरच्या आडातून काढली होती काय?

माझे भांडण तिसऱ्या मताशी आहे, कारण ते सज्जनांचे मत आहे आणि म्हणून कुणी त्याला हटकत नाही.

मैत्रेय बाजपेयी आणि रमीझ इल्हाम खान यांचा 'कार्बन' २०१७ मध्ये आला. जॅकी भगनानी, नवाजुद्दीन सिद्दीकी, प्राची देसाई अशी नावे असल्यामुळे त्याला काटेकोरपणे 'स्वतंत्र' म्हणावे का, हा वाद ज्यांना हवा त्यांनी घालावा. काळ २०६७, शहर दिल्ली. झाडे नाहीत, श्वास विकत घ्यावा लागतो. नायक रँडम शुक्ला छातीत कृत्रिम हृदय घेऊन प्राणवायूचा चोरटा धंदा करतो. कल्पना झकास आहे. पण या धंद्याच्या आत शिरायचे सोडून लघुपट पुन्हा पुन्हा माणसाने निसर्गाचे काय केले याच्या प्रवचनाकडे वळतो, आणि प्रेक्षकही नेमके तेवढेच उचलून घरी जातो.

विज्ञानकथेने काही शिकवावे, ही आपली जुनी अपेक्षा. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने कथा पाठवली ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला. मांडव विज्ञानप्रसाराचा होता आणि त्याचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या मांडवात बसलेल्या वाचकाला एक खोड लागली. गोष्ट संपली की तो तात्पर्य मागतो, आणि प्रलयाच्या गोष्टीचे तात्पर्य ठरलेले असते: 'आपण वेळीच सावध झालो नाही.'

यातला 'आपण' मला खटकतो. सगळ्यांनी मिळून पाप केले, सगळे मिळून गुदमरणार. हवामान बदलते आहे याबद्दल मला शंका नाही, इशाऱ्याचाही उपयोग असतो हे मान्य. तरीही इशाऱ्यात एक गृहीतक लपलेले असते, की वस्तू संपली म्हणजे ती एकदम आणि सर्वांचीच संपते. माझ्या पाहण्यात असे कधी घडलेले नाही.

प्राणवायूचेच घ्या. २०६७ ची वाट पाहावी लागली नाही. करोनाच्या लाटेतला २०२१ चा एप्रिल पुरेसा झाला. त्या महिन्यात हवेतला प्राणवायू तसूभरही कमी झाला नव्हता, तो नेहमीसारखा २१ टक्के होता. कमी होते ते टँकर, सिलिंडर आणि कुठल्या जिल्ह्याला किती टन, या यादीतले स्थान. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले. दोनच दिवसांनी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. सिलिंडरसाठी ओळखी काढत फिरलेल्या माणसाला विचारा. झाडे तोडल्याचा पश्चात्ताप त्याला त्या रात्री सुचला नाही. यादी कोणाच्या हातात आहे, एवढेच त्याला हवे होते.

लातूरची गोष्ट वेगळी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथे पाण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावे लागले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. मराठवाडा कोरडा होता आणि मिरजेत उचलून देण्याइतके पाणी होते, एकाच राज्यात, एकाच उन्हाळ्यात.

म्हणून मी अभावाची गोष्ट आणि वाटपाची गोष्ट असा भेद करतो. अभावाच्या गोष्टीत खलनायक 'माणूस' असतो, म्हणजे कुणीच नसतो. वाटपाच्या गोष्टीत मात्र एक कार्यालय असते, एक तारीख असते, एक अर्ज असतो. आमच्या तालुक्यात हे समजायला कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही. गोदावरीच्या उजव्या कालव्यावर आवर्तन सुटणार म्हटले, की पाणीमागणीचे सात नंबरचे फॉर्म भरायची घाई उडते. मग चारीवर पाळी कुणाची, रात्रीची दारे कोण धरणार, पाटकरी कुणाच्या बांधावर चहा प्यायला, याची चर्चा. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या हेडवाल्याचा ऊस भिजतो आणि शेवटच्या टोकाचा टेलवाला कोरड्या चारीत उभा राहून फोन लावत बसतो. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला जिरायत गावे. पाऊस दोघांवर सारखाच रुसतो. फरक तिथून कालवा गेला की नाही, एवढाच. त्यांच्या वाट्याचा निळवंडे धरणाचा प्रकल्प १९७० चा. डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात पिढी म्हातारी झाली, तिने कुठलाही स्फोट पाहिला नाही.

आणि आम्ही टेलवाल्यांनी फार कण्हू नये, कारण नदीवर खाली असलेल्या जायकवाडी धरणाच्या नजरेने आम्हीच हेडवाले. १५ ऑक्टोबरला तिथला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे सूत्र २०१४ साली ठरले. आमच्याकडे त्यावर मोर्चे निघतात, तिकडेही निघतात. एका नदीच्या शेवटाची तारीख आणि टक्केवारी सरकारी तक्त्यात आधीच बसलेली असावी, याहून प्रलयोत्तर दुसरे काय असते? यावर लघुपट काढायला ना उल्का लागते, ना मंगळ.

'कार्बन'मध्ये ही वाट अगदी जवळून जाते. श्वास विकला जातो म्हणजे त्याचा दर कुणीतरी ठरवत असणार, कुणाला सवलत असणार, कुणाचे नाव यादीतून कापले गेले असणार. रँडम शुक्ला चोरटा, तर अधिकृत दुकान कुणाचे? लघुपट तिथे फारसा रेंगाळत नाही, आणि अंजनवाल्या प्रेक्षकालाही त्याची रुखरुख वाटत नाही. त्या दिवशी पडदा बंद झाल्यावर एकच मुलगा वेगळे बोलला. त्याने विचारले, 'त्या सिलिंडरला सबसिडी असेल का हो?' सगळे हसले. मला तो त्या दिवसातला सर्वांत जाणता अभिप्राय वाटला, आणि हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी त्याच आठवड्यात सात नंबरचा फॉर्म भरून गेला होता.