'आपला' म्हणण्याचा हक्क

कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांचे नाव निघाले की आपण अभिमानाने म्हणतो, 'आपला माणूस!' हे म्हणण्याचा हक्क आपल्याला कशाने मिळतो? केवळ नाव मुसलमानी असल्याने? आम्हाला हा प्रश्न साधा वाटत नाही.

आबालाल यांच्या घरी कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती तयार होत. अशा घरातला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला शिकला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. पण त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थाच्या काठी. तेथील पाणी, झाडे आणि घडोघडी बदलणारा उजेड ते फकिरी वृत्तीने रंगवीत राहिले. 1931 साली ते अल्लाहला प्यारे झाले. त्यांची वाट ना वडिलांची होती, ना कॉलेजातली. ती त्यांची स्वतःची होती. तरीही खत्तातीला लागणारा सबर त्यांनी घरातूनच नेला असावा, असे आम्हास वाटते.

कोणी विचारील, त्यांनी आपल्या समाजाचे जीवन कोठे रंगवले? अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकार जेकब लॉरेन्स यांनी 1941 मध्ये 60 चित्रांची मालिका पुरी केली. दक्षिणेतून उत्तरेकडे रोजी आणि इज्जत शोधत निघालेल्या आपल्या लोकांची ती कहाणी. सपाट रंग, मोजके आकार, शैली सर्वस्वी स्वतःची. लॉरेन्स यांनी माणसे रंगवली, आबालाल यांनी तळ्याचा काठ. आमच्या मते दोघेही सारखेच आपापल्या समाजाचे आहेत. कलावंताकडे आपलेपणाचा पुरावा मागणे हा अन्याय आहे. पुरावा द्यायचा तो समाजाने.

शाहू महाराजांनीच वसवलेल्या आमच्या जयसिंगपुरात आम्ही उर्दू माध्यमातून शिकवतो. मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात, चांगली श्रेणीही आणतात. मात्र दहावीनंतर घरातून सवाल येतो, 'याने पोट भरेल का?' हातावर पोट असलेल्या बापाचा हा सवाल खोटा नाही. दुसरी शंका जायज-नाजायजची. सजीवांच्या चित्रांविषयी आलिमांत मतभेद आहेत. झाडे, डोंगर, पाणी यांना बहुतेकांची हरकत नाही. म्हणजे वाट पूर्ण बंद नाही. ती अरुंद आहे, आणि अरुंद वाटेवर मुलाला एकटे सोडायचे की सोबत चालायचे, हे ठरवणे आपल्या हाती आहे.

प्रत्येक मूल आबालाल होणार नाही, आणि व्हायलाही नको. पण नक्कल सोडून स्वतःच्या डोळ्यांनी काढलेल्या पहिल्या वेड्यावाकड्या चित्राला घरात भिंत मिळावी. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आबालाल यांची चित्रे आहेत. आई-बापांनी एखाद्या रविवारी मुलांना तेथे न्यावे. मेलेल्या कलावंताचा अभिमान फुकट मिळतो. जिवंत कलावंतासाठी पदरचे काही खर्चावे लागते. जो समाज तो खर्च करील, त्यालाच 'आपला' म्हणण्याचा हक्क आहे.